कोरडं वजन

पिशवीत सहा डायपर होते. दोन लागणार होते, चार वाटेत काही झालं तर म्हणून. सहाही एकाच पुड्यातले, आणि सहाही ज्ञानेश्वरीनं सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवून पाहिले होते. पाच भरले अठ्ठावीस ग्रॅम, एक भरला एकोणतीस. तो तिनं सगळ्यात खाली ठेवला. त्याशिवाय दोन लंगोट, रबराची एक चादर, वाइप्सचं अर्धं पाकीट, झिप लागणाऱ्या सात पिशव्या, स्टीलची एक ताटली, काटा, काट्याचे दोन जादा सेल आणि शंभर पानी वही. काटा तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी केक करायला मागवला होता. केक दोनदा झाला. वहीच्या पहिल्या पानावर पट्टीनं चार उभ्या रेघा ओढून तिनं पाच रकाने पाडले होते: वेळ, ओलं वजन, कोरडं वजन, फरक, शेरा. काल दुपारी बारापासून चार नोंदी झाल्या होत्या. फरकाच्या रकान्यात बावीस, एकोणीस, एकतीस, चौदा. शेऱ्याचा रकाना कोरा होता. बेरीज शहाऐंशी.

सात महिन्यांच्या संस्कृतीची लघवी मोजायची होती. तिच्या डाव्या मूत्रपिंडाला जन्मापासून सूज होती आणि आता उजवंही मंदावल्याची शंका होती. एवढं मूल भांड्यात मुतत नाही, तेव्हा डायपर आधी कोरडा तोलायचा, मग ओला. ओल्यातून कोरडं वजा करायचं आणि उरलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायचा, असं नगरच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं. चोवीस तास, बारा ते बारा. दीडशेच्या वर गेलं तर महिनाभर घरीच बघू. खाली राहिलं तर घरी जायचं नाही; त्याच दुपारी दाखल, लघवीची नळी, आणि तरी सूज उतरेना तर ऑपरेशन. हे सांगताना मॅडमनी टेबलाच्या काचेवर बोटानं एक आडवी रेघ काढून दाखवली होती. ती रेघ तेव्हापासून ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. सकाळी चहाच्या वेळी तिच्या नवऱ्यानं, रविराजनं, वही हातात घेऊन वजाबाकी मोठ्यानं केली. चौसष्ट कमी. पावणेचार तास बाकी. रविराजचं कोपरगावात ठिबकचं दुकान होतं. शेतकऱ्याला ड्रिपरखाली वाटी धरून ताशी किती पडतं ते मोजायला तोच शिकवायचा. "दीडशे म्हणजे ताशी सव्वासहा," तो म्हणाला. "आपला सगळ्यात बारीक ड्रिपर ताशी दोन लिटरचा हाय." आणि हसला. कुणी हसलं नाही तेव्हा त्यानं वही मिटून नीट टेबलाच्या कडेला लावून ठेवली.

साडेआठला गाडी निघाली, रविराज चालवत होता. सासूबाईंना, छबूबाईंना, मागं बसलं की मळमळायचं, म्हणून त्या पुढं बसल्या. मागच्या सीटवर ज्ञानेश्वरी, तिच्या मांडीवर संस्कृती आणि शेजारी पिशवी. रस्ता नेहमीसारखा फुटलेला. खड्डा आला की ती मुलीचं डोकं तळहातानं झेलायची आणि दुसरा हात नकळत डायपरवरून फिरवायची. अंगठ्याखाली मऊ, कोरडं. शिर्डी गेली, कोरडं. राहाता गेलं, कोरडं. अशी चाचपणी ही काही मोजणी नव्हे, हे तिला कळत होतं. तरी हात थांबत नव्हता. "लई गुणाची हाय गं माझी बाई," छबूबाई मान वळवून म्हणाल्या. "दुसऱ्यांची पोरं बघ, दिवसाला धा-धा हगीज लावत्यात. हिला चार-पाचात भागतंय." ज्ञानेश्वरी खिडकीबाहेर पाहू लागली. हेच वाक्य तिनं लहानपणी ऐकलं होतं, फक्त शब्द निराळे होते. ती सहा वर्षांची, आई आणि आईच्या मांडीवर पाच महिन्यांचा भाऊ सहादेव, नगरहून देवळाली प्रवरेला यष्टीनं चाललेले. आई स्टँडच्या नळावर लंगोट धुवायची आणि खिडकीच्या गजाला बांधून वाळवायची. पांढरा लंगोट वाऱ्यानं फडफडायचा, त्याचे शिंतोडे मागच्या खिडकीतल्या बाईवर उडायचे आणि ती बाई आरडाओरडा करायची. त्या दिवशी एकच लंगोट धुवावा लागला. पूर्ण प्रवासात एक. "शहाणा आहे हो माझा," आई त्या चिडलेल्या बाईला म्हणाली होती, "फार लंगोट लागतच नाहीत याला." सव्वा महिन्यानं सहादेव गेला. काय झालं होतं ते कुणाला सांगता आलं नाही. सुकत गेला, असं म्हणायचे. तो दिवसाला किती मुतत होता हे कुणी मोजलं नव्हतं, आणि मोजलं नव्हतं तोवर तो शहाणा होता.

बी.एस्सी.ला तिनं रसायनशास्त्र घेतलं ते त्यामुळे, असं म्हणणं खोटं ठरेल. मार्क होते आणि कॉलेज जवळ होतं. पण आकड्याबद्दल तिला तेव्हापासून एक ओढ होती, देवघरात उगाच वळून पाहावं तशी. आणि तीच ज्ञानेश्वरी प्रॅक्टिकलला तिसरं रीडिंग घेत नसे. टायट्रेशनची तीन रीडिंगं घ्यायची असतात. दोन जुळली की तिसरं लिहून टाकायचं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरची अश्विनी तर दुसरंही लिहूनच टाकायची. सर जर्नल चाळत म्हणायचे, "तुमचा हात बुवा फार स्थिर, तिन्ही वेळा एकच थेंब!" आणि सही करायचे. तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले होते. सरांनी आणखी एक शिकवलं होतं, ते मात्र ती इमानानं पाळायची: चुकलेला आकडा खोडरबरानं घालवायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि बाजूला सही करायची.

दहाला पाच मिनिटं कमी असताना कोल्हारला एका हॉटेलासमोर गाडी थांबली. संस्कृती किरकिर करत होती आणि अंगठ्याखाली आता थोडं जड लागत होतं. किती ते कळत नव्हतं. ज्ञानेश्वरीनं चादर काढली. तेवढ्यात मागचं दार उघडून रविराज वाकला. "तू जा, जाऊन ये बाथरूमला," तो म्हणाला. "मी बदलतो."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दोनशे बारा दिवस, दिवसाला सरासरी पाच धरले तर एक हजार साठ डायपर. त्यातला एकही त्यानं बदललेला नव्हता. दुकानात शेणखताच्या हातानं आलेल्या माणसाशी तो हातात हात घालून बोलायचा, पण घरात मुलीनं शी केली की "अगंऽऽ" अशी एक लांब हाक मारून अंगणात जायचा. शिर्डीच्या स्टँडवर, देवळालीच्या लग्नात, भिंगारला मैत्रिणीकडे निघालेल्या भर गर्दीच्या यष्टीत तिनं एकटीनं मांडीवर, उभ्यानं, एकदा तर ड्रायव्हरमागच्या पेटीवर डायपर बदलले होते आणि प्रत्येक वेळी तो कुठं तरी सुट्टे करायला गेलेला असायचा. "काटा आधी शून्यावर आणा," ती म्हणाली. "ताटली ठेवून मग शून्य." "कळतंय गं. मी पण मोजायचीच कामं करतो." सासूबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "जा बाई, मी हाय." ती गेली. बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. एका हातानं दार ओढून धरून बसलेली असताना तिला एकाएकी रडू आलं. तिचं तिलाच हसू आलं की एका डायपरवर आपण एवढ्या विरघळतो, म्हणजे आपली किंमत किती खाली आली होती.

ती परत आली तेव्हा संस्कृती शांत होती. डायपरची डावी पट्टी तिरकी लागली होती आणि मांडीपाशी झालर आत दुमडली गेली होती. त्याचं लक्ष नाही असं पाहून तिनं बोट घालून ती बाहेर काढली. वापरलेला डायपर झिपच्या पिशवीत घालून पायाशी ठेवलेला. वहीत त्याच्या ठसठशीत, दुकानातल्या अक्षरात: १०.०५, ओलं १२४, कोरडं २८, फरक ९६. शहाण्णवभोवती त्यानं गोल काढला होता.

शहाऐंशी आणि शहाण्णव, एकशे ब्याऐंशी. तिनं दोनदा बेरीज केली. अजून दोन तास बाकी आणि रेघ खाली गेली होती. दोन तासांत एवढं कसं, हा प्रश्न मनात उमटला, नाही असं नाही. पण तिनं लगेच त्याला उत्तरं दिली. सकाळी पोटभर पाजलं होतं. गाडीच्या हिसक्यांनी अडकलेलं मोकळं झालं असेल. तसं होतं का, हे तिला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. "बाबांनी ऐकलं," छबूबाई म्हणाल्या आणि शिर्डीच्या दिशेनं, म्हणजे मागच्या काचेकडं, हात जोडले. देवळाली प्रवरेचा फाटा आला तेव्हा तिनं माहेरी फोन लावला. "आई, एकशे ब्याऐंशी झालं." "किती पाहिजे होतं गं?" "दीडशे." "म्हणजे भरपूर?" "भरपूर." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि "देवापुढं साखर ठेवते" एवढं म्हणून आईनं फोन ठेवला. ज्ञानेश्वरीनं पुढं हात करून रविराजच्या खांद्यावर क्षणभर ठेवला. त्यानं मान हलवली नाही. त्यानं फक्त गिअर बदलला.

राहुरी ओलांडून मुळेच्या पुलावर गाडी आली तसा त्यानं वेग कमी केला. "ती पिशवी टाक खाली," तो म्हणाला. "वास मारतीये." "नदीत नको." "अगं, आख्खं गाव टाकतंय. टाक." "फेक की पोरी," सासूबाई म्हणाल्या, "घाण कशाला मिरवायची?" पण वास येत नव्हता. हे तिला त्याच्या वाक्यामुळेच जाणवलं. काल दुपारपासूनच्या चार पिशव्यांना वास होता, झिप लावूनही. त्या वासाची तिला आता सवय झाली होती. मागून ट्रकनं हॉर्न दिला आणि गाडी पुलावरून पुढे गेली.

कृषी विद्यापीठाच्या पुढं पेट्रोलपंपावर तो डिझेल भरायला थांबला. संस्कृतीला सीटवर निजवून ती झिपची पिशवी घेऊन उतरली. कडेला निळा कचऱ्याचा डबा होता. पायानं झाकण उघडून ती उभी राहिली आणि सवयीनं तिनं अंगठा दाबला. मग झिप उघडली. मग गुंडाळीची पट्टी सोडून डायपर उलगडला. पुढचा आणि मधला भाग थोडासा पिवळट, दमट, नेहमीसारखा. मागचा भाग मात्र कमरपट्ट्यापर्यंत फुगलेला, आणि अस्तर ताणून त्याखाली गर दिसत होता: टपोरा, भिजल्या साबुदाण्यासारखा, स्वच्छ. लघवीत क्षार असतात. क्षाराच्या पाण्यात हा गर इतका फुगत नाही. साध्या पाण्यात फुगतो. हे तिनं कॉलेजच्या प्रदर्शनात टेबल मांडून लोकांना दाखवलं होतं. लहान मुलं टाळ्या वाजवायची. तिनं नाकाजवळ नेलं. काहीच नाही. पाण्याला कुठं वास असतो.

डब्याच्या पेडलवर पाय तसाच होता. पाय काढला की झाकण पडणार होतं आणि मग जगात कुठंही पुरावा उरणार नव्हता. वहीत शहाण्णव राहील. मॅडम एकशे ब्याऐंशी आणि पुढचा आकडा बघतील, बरं म्हणतील, महिन्यानं या म्हणतील. रविवारी नणंदेचा, मोनिकाचा, साखरपुडा. संस्कृतीला शिवलेलं मोती रंगाचं झबलं तिला घालता येईल. आई साखर वाटेल. आणि रविराजनं आयुष्यात एकदा तरी आपल्या मुलीचा डायपर बदलला होता, हेही राहील. फक्त तिसरं रीडिंग लिहायचं. हात तर स्थिर होता. त्या शहाण्णवमध्ये पोरीचं किती आणि बाटलीतलं किती हे आता कोणत्याही काट्यानं वेगळं होणार नव्हतं, म्हणजे ती खरं लिहायला गेली तरी तिच्याकडे खरं नव्हतंच. त्यानं खोटा आकडा दिला नव्हता. खरा होता तो नाहीसा केला होता. पंपावरचा माणूस ओरडला, "ताई, टाकताय का बंद करताय? माश्या येत्यात." तिनं डायपर पुन्हा गुंडाळला, पिशवीत घातला, झिप लावली आणि तो घेऊन ती गाडीत येऊन बसली.

रविराजच्या सीटमागच्या कप्प्यात पाण्याची बाटली होती. कोल्हारला घेतलेली, वेष्टनावर दव जमलेलं. गळ्याखाली दोन बोटं रिकामी. कुणी पाणी प्यायलं नव्हतं. सासूबाई घरचंच पाणी प्यायच्या. तिनं बाटली आणि डायपर शेजारी शेजारी सीटवर ठेवले. आरशात त्यानं ते पाहिलं. गाडी सुरू झाली.

"किती टाकलं?" तिनं विचारलं.

"झाकणानं मोजून टाकलं," तो म्हणाला. "चौदा झाकणं."

"एका झाकणात किती?"

"आता ते बी सांगू?" त्याचा आवाज चढला. "पाच-सहा मिली. घे, लिही."

छबूबाई वळल्या. "मीच म्हणले त्याला. त्याला काय बोलू नको. पावनी येनार हायत रविवारी, तिकडच्यांना कळलं की घरात पोर दवाखान्यात हाय, तर अपशकून म्हनून बोट दाखवायला बरं. चार दिसांचा तर परश्न हुता. सोमवारी मी सोता हिला घेऊन आले असते."

"आई, तू गप," रविराज म्हणाला. "साखरपुड्याचं काही न्हाई त्यात." विळदच्या घाटात एक कंटेनर अडकला होता, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "मागच्या टायमाला नळी घालताना ती कशी किंचाळली, माझ्या कानात हाय अजून. मला ते न्हाई ऐकवत. तुला ऐकवतं. तू पाय धरून उभी होतीस."

"कुणी तरी धरायला पाहिजे होते."

"तेच म्हणतो. तुझं काळीज निराळं हाय. काट्यावर चालतं."

मागच्या वेळी, मुलगी तीन महिन्यांची तापानं फणफणलेली असताना, तिनं पाय धरले होते हे खरं होतं. वीतभर लांबीचे पाय, आणि त्यांत एवढी ताकद कुठून आली म्हणून ती थक्क झाली होती. सोडावेत असं तिला एकदाही वाटलं नाही असं थोडंच होतं. तो पहिल्या किंकाळीलाच खाली औषधाच्या दुकानात निघून गेला होता. आकाशी रंगाची पावती घेऊन पाऊण तासानं वर आला. आता तो म्हणतो ते खरं, की सासूबाई म्हणतात ते, की दोन्ही. दोन्ही असेल तर कशात कोणतं किती. तिनं ठरवलं की हे आपण तोलायचं नाही. मग तिला दिसलं की आपण आजवर संसारात हेच ठरवत आलो आहोत.

"तुम्ही शेतकऱ्यांना वाटी धरायला सांगता ना," ती शेवटी म्हणाली, "ड्रिपर तुंबला तर वाटीत तांब्यातलं पाणी ओतून पीक येतं का?"

"पोर हाय ती. पीक न्हाई."

"मग?"

कंटेनर सरकला. तिनं वही काढली. गोलातल्या शहाण्णववरून पट्टीनं एक रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. बाजूला सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पाणी मिसळले, नोंद रद्द. पुढं "पतीने" असा शब्द लिहायला घेतला आणि "प" काढून थांबली. मग त्या "प"वरही रेघ मारली आणि पुन्हा सही केली. नगरच्या एमआयडीसीतल्या शेड सुरू झाल्या. तिला आठवलं की आईला फोन करायला हवा. आईनं साखर ठेवली असेल. फोन हातात घेऊन तिनं परत पिशवीत टाकला. संस्कृती जागी होती आणि बाटलीवरच्या चकचकीत वेष्टनाकडं हात करत होती. पोहोचत नव्हतं तरी चिडत नव्हती. लई गुणाची.

बाराला दहा मिनिटं असताना ते दवाखान्याच्या आवारात पोहोचले. आत बाकं भरलेली होती, म्हणून तिनं बाहेर, सिमेंटच्या कट्ट्यावर चादर पसरली. छबूबाई गाडीतून उतरल्या नाहीत. रविराज उतरला, चार पावलं लांब गेला, उभा राहिला आणि परत आला. काटा कट्ट्यावर डगमगत होता. त्यानं खाली बसून कट्टा हातानं झाडला, एक खडा काढून टाकला, काटा थोडा फिरवून ठेवला आणि चारही कोपरे एकेका बोटानं दाबून पाहिले. "आता हलत न्हाई," तो म्हणाला. तिनं ताटली ठेवली आणि शून्य केलं. बारा वाजेपर्यंत ती दोघं मुलीकडं बघत बसली. ती पाय झाडत होती, आणि तिच्या पोटाकडं, शेतात पहिलं पाणी सोडल्यावर नळीच्या तोंडाकडं बघावं तसं रविराज बघत होता. बारा वाजता ज्ञानेश्वरीनं पट्ट्या सोडल्या, डायपर काढला, घडी घातली आणि ताटलीवर ठेवला. आकडा तेहतीस, छत्तीस असा नाचला आणि थांबला. तिनं हात काढला. रविराजनं पेन पुढं केलं. तिनं लिहिलं: १२.००, ओलं ३५, कोरडं २८, फरक ७.